आजोबांचा एप्रन आणि बिंदू चौकाजवळचे फ्रेमवाले मामा

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पांढरा एप्रन सापडला. कोकराचं कातडं, आकाशी कड, त्यावर तीन कापडी फुलं, दोन बाजूंना रुपेरी साखळ्यांचे गोंडे. सोबत फ्रीमेसन या पुरुषांच्या गुप्त बंधुसंघाच्या लॉजचं, म्हणजे शाखेचं, 1964चं प्रमाणपत्र आणि एक चिमुकलं पुस्तक; त्यातल्या निम्म्या शब्दांची नुसती पहिली अक्षरं छापलेली. आजोबा तेव्हा मुंबईत फोर्टातल्या एका बँकेत कारकून होते. महिन्यातून एकदा काळा कोट घालून जायचे. आजीनं विचारलं तर "जेवण चांगलं होतं" एवढंच. आजी त्या जागेला जादूघर म्हणायची.

कोल्हापूरच्या पावसात कातड्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून फ्रेम करायचं ठरवलं. पहिल्या दुकानात गोंदानं चिकटवून देतो म्हणाले. मी तिथून निघाले. बिंदू चौकाजवळच्या या छोट्या दुकानातल्या मामांनी मात्र एप्रनला हात लावायच्या आधी हात धुतले. "ताई, ह्ये चिकटवायचं न्हाई. आदी चप्पल लाईनीत जाऊन कातड्याचं इचारून या."

गेले. तिथल्या कारागिरानं सांगितलं, पाणी नको, तेल नको, ऊन तर अजिबात नको. मामांनी मग सुती माउंटवर बारीक टाक्यांनी एप्रन बांधला, काच कातड्याला टेकू नये म्हणून आत पट्टी घातली. खोल बॉक्स फ्रेम, सागवानी मोल्डिंग. ती तीन फुलं म्हणजे आजोबा तिसऱ्या पायरीपर्यंत, 'मास्टर मेसन'पर्यंत, पोचले होते. हे मी वाचून सांगितल्यावर मामांनी फुलं नीट दिसतील अशी घडी बदलली.

टाके घालताना मामा म्हणाले, "आमच्या तालमीतबी हौद्यात उतरलं की कोण कुनाचा, कुनी इचारत न्हाई. पर दार उघडं असतंय. ह्यांनी दार का लावलं?"

मी त्यावर बरंच वाचलं. मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या परमहंस सभेनंही 1849 साली दार लावलं होतं. जात मोडायची म्हणून सभासद ख्रिश्चनानं भाजलेला पाव खायचे, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचे. बाहेर कळलं तर वाळीत पडायचं भय. 1860च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि सभा मोडली. तिथलं गुपित मला कळतं. फ्रीमेसनांचं इतकं सरळ नाही. माणेकजी करसेटजींना पारशी म्हणून मुंबईतल्या लॉजनं दार उघडलं नाही, तेव्हा स्कॉटिश डॉक्टर आणि फ्रीमेसन जेम्स बर्न्स यांनी 1843 साली भारतीयांसाठी 'रायझिंग स्टार' ही लॉज काढली. आत धर्म आणि राजकारण बोलायला बंदी. मला वाटतं, आजोबांसाठी लागलेलं दार त्यांचं कारकूनपण बाहेर ठेवायला होतं. आत साहेबसुद्धा 'ब्रदर'. पण त्याच दारानं आजीलाही बाहेर ठेवलं, आणि ते मला आजही पटत नाही. हस्तांदोलनं आणि परवलीचे शब्द तर कधीचेच छापून आलेत. एका माणसानं आपल्या बायकोपासून चाळीस वर्षं जपावं असं त्यात काय होतं?

तक्रार दोनच. आठ दिवस सांगून वीस लागले, आणि खालच्या पट्टीवर आधी 1946 कोरलं होतं. बोलल्यावर बिनातक्रार पट्टी बदलून दिली. 2,400 रुपये झाले. काम पाहता महाग नाही. पाचपैकी साडेचार.

पुस्तक मी दर्शनी भागात लावू दिलं नाही. मामांनी मागच्या फळीला कप्पा करून त्यात ठेवलंय, फळी स्क्रूवर आहे. काम द्यायचं तर वस्तू मलमलीच्या फडक्यात न्या, प्लास्टिकमध्ये नको. सोमवारी दुकान बंद.