मोटर रिवाइंडिंगचा तीन महिन्यांचा कोर्स : पाचपैकी तीन

आमच्या यावलकडे डीपीवरचा एक डीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा एका फेजचा फ्यूज, उडाला की चार विहिरींवरच्या मोटरी जळतात, आणि जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देणारा वाइंडिंगवाला म्हणतो, आठ दिवसांनी या. वैशाखात आठ दिवस पाणी नाही म्हणजे केळीचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून बारावीनंतर जळगावच्या एका खासगी संस्थेत नाव घातलं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, तेवढा दम घरी नव्हता. फी साडेसात हजार. संस्थेचं नाव लिहीत नाही, सरांना उगाच त्रास नको.

सर मात्र सोनं. पहिल्याच आठवड्यात मी जळकी मोटर हातात आल्याबरोबर छिन्नी मारून कॉईल तोडली. सर शांतपणे म्हणाले, "टर्न मोजले का भो?" टर्न म्हणजे कॉईलमधले तारेचे फेरे. मग तुटलेली टोकं सुईने एकेक सोडवत मोजायला बसवलं. एकदा ५४ भरली, एकदा ५६. संध्याकाळ झाली. त्या दिवसापासून मी न मोजता काही तोडलेलं नाही. वाइंडिंगचा रंग बघून कारण ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. स्टारमधल्या, म्हणजे तिन्ही फेजच्या वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र जोडलेल्या, मोटरचे दोन फेज काळे आणि तिसरा तांब्यासारखा लख्ख असेल, तर एक फेज गेली असताना मोटर चालत राहिली. तिन्ही काळे असतील तर लोड नाहीतर व्होल्टेज बघायचं.

आता रडगाणं. अडीच महिने सगळं मोनोब्लॉकवर, म्हणजे पाण्याबाहेर बसवायच्या पंपाच्या मोटरवर. फर्म्यावर एनॅमल वायरची कॉईल गुंडाळा, स्लॉटमध्ये बसवा, वार्निश करा. सबमर्सिबलला, म्हणजे पाण्यात बुडवायच्या मोटरला, दोन दिवस! आणि गावात काम येतं ते सबमर्सिबलचंच. तिच्यात पाणी भरलेलं असतं, म्हणून प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर लागते, आणि ती सुईदोऱ्यासारखी एकेक फेरा हाताने ओवावी लागते. ते मी पुढे दुकानात शिकलो, बोटं सोलून. वायरचं इन्सुलेशन तपासायचा मेगर एकच, तोही सेल संपलेला. सर्टिफिकेट पाच महिन्यांनी मिळालं, त्यात आडनाव चुकलेलं.

जायचं असेल तर फी भरण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहा. खडूने शेतकऱ्यांची नावं लिहिलेल्या जळक्या मोटरी पडलेल्या दिसल्या तर बिनधास्त भरा. नुसत्या कापून रंग दिलेल्या मोटरी मांडलेल्या असतील तर चहा पिऊन परत या. आमच्याकडे दोन्ही होत्या, म्हणून तीन.