बाळाची साखर कमी: गालात जेल की सलाईन?

बहिणीला गरोदरपणात मधुमेह होता, म्हणून कोथरूडच्या दवाखान्यात भाचीची टाच टोचून साखर पाहिली. आली ३८ (मिग्रॅ/डेसिली). साधारण ४५च्या खाली डॉक्टर सावध होतात.

जेल म्हणजे ४० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज साखर. वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिली, गालाच्या आतून चोळायचं आणि लगेच पाजायला घ्यायचं. बाळ आईच्या कुशीतच राहतं, आणि मला हेच फार मोलाचं वाटतं. दूध उतरायच्या त्या पहिल्या दिवसांत ताटातूट झाली की अंगावर पाजणं अवघड होऊन बसतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडच्या अभ्यासातही जेल दिलेल्या बाळांची साखर जास्त वेळा सावरली.

सलाईनमध्ये १० टक्के डेक्स्ट्रोज थेट शिरेतून जातं. त्यासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), सुई, वारंवार तपासणी. पण बाळाला झटके येत असतील, ते मलूल असेल, किंवा पाजूनही साखर २५च्या खाली राहिली, तर सलाईनच हवी. तिथे जेलवर थांबू नये.

आजीने मधाचं बोट पुढे केलं होतं. प्रेमानेच, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, बॉट्युलिझमचा (जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो.

भाचीला जेल दिलं, पाजलं. तासाभराने साखर ५४.