तारण, म्हणजे पापातून सुटका: देवाची निवड की माणसाचा होकार?

कॅल्विनवाले, म्हणजे १६व्या शतकातल्या जॉन कॅल्विन या ख्रिस्ती धर्मसुधारकाला मानणारे, म्हणतात माणूस पापात इतका बुडालाय की स्वतःहून देवाकडे वळूच शकत नाही, म्हणून जग घडवायच्या आधीच देवाने ज्यांना निवडलं त्यांचंच तारण होणार, आणि यासाठी ते बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा ९वा अध्याय दाखवतात. आर्मिनियस या डच धर्मपंडिताला मानणारे, म्हणजे आर्मिनियसवालेपण देवाच्या कृपेशिवाय तारण नाही हे मानतातच बरं का, लोक हेच विसरतात, फक्त ती कृपा माणूस नाकारू शकतो असं त्यांचं म्हणणं. १६१८-१९ मध्ये हॉलंडात डॉर्ट शहरातल्या चर्चच्या सभेने आर्मिनियसवाल्यांना चूक ठरवलं, कित्येक पाळकांना पदावरून काढलं. कॅल्विनवाल्यांची खात्री मला खरंच आवडते, देवाने एकदा धरलं की सोडत नाही, पण बायबलमधल्या १ तीमथ्य २:४ मध्ये सर्वांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा स्पष्ट लिहिलीय ना, तिथे मी आर्मिनियसकडेच झुकतो.