कानाचं मशीन (दोन्ही कानांचं): सत्तरीनंतर घेतलेली सगळ्यात कामाची वस्तू

5 पैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी 72 ची, रिटायर्ड शिक्षिका, ठाण्यात राहते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रत्येकाचा कान वेगळा, मला सूट झालं ते तुम्हाला होईलच असं नाही. पण "आता वय झालं, चालायचंच" म्हणून जे गप्प बसलेत ना, त्यांच्यासाठी लिहितेय. माझं मशीन डिजिटल, कानामागे बसतं आणि बारीक वायरीने छोटा स्पीकर कानात जातो, केसात दिसतही नाही. जोडी साधारण ₹60,000 ला पडली. महाग आहे, हो.

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेकांचे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, स, श, फ वगैरे. म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते निसटतं, आणि बायकांचं नि लहान मुलांचं बोलणं जास्त निसटतं. घरचे मग ओरडून बोलतात, त्याने शब्द काही स्पष्ट होत नाहीत, नुसतं रागावल्यासारखं वाटतं, आणि माणूस हळूहळू लग्नाला नको, गप्पांना नको करत कोपऱ्यात जाऊन बसतो. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. अहो, म्हातारपणात वेळच वेळ असतो, माणसांत बसायचे हेच तर दिवस! आणि नुसतं करमणुकीचं नाही हे, 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यावर काहीतरी करता येतं अशा 12 गोष्टी सांगितल्या, त्यात ऐकू कमी येणं आहे.

पहिले काही दिवस त्रास होतो, आधीच सांगते. भांड्यांचा आवाज, पेपरची घडी, स्वतःचा आवाज, सगळं अंगावर येतं. मेंदूने हे आवाज बरेच वर्षं ऐकलेले नसतात, त्याला सवय व्हायला वेळ लागतो. बरेच जण इथेच मशीन डब्यात ठेवून देतात आणि पैसे वाया गेले म्हणतात. तसं करू नका, रोज थोडं थोडं वाढवत घाला, आधी घरात शांततेत, मग बाहेर.

आता भजनाचं. आमचं भजनी मंडळ आहे, मी अभंग म्हणते. मशीन घालून गेले तर बोलणं झकास ऐकू यायला लागलं पण गाणं बिघडलं. तानपुरा लावला की मशीन त्याला पंख्याच्या घरघरीसारखं समजून दाबून टाकायचं आणि कोणी लांब षड्ज लावला की तो थरथरायचा. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी (कान तपासून मशीन जुळवून देतात त्या) समजावलं, मशीनची स्वतःची शिट्टी वाजू नये म्हणून आत एक सोय असते, तिला सलग सूर म्हणजे शिट्टीच वाटते. त्यांनी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला, त्यात गोंगाट दाबणं बंद आणि शिट्टीवालं कमी. आता बटण दाबलं की सूर सरळ येतो, झांजेची किणकिण सुद्धा! तुम्ही गात असाल किंवा मैफलींना जात असाल तर हे स्वतःहून मागा, न मागता सगळेच देत नाहीत.

अर्धा स्टार कापला तो लग्नाच्या हॉलसाठी. डीजे आणि शंभर माणसं एकदम बोलत असली की अजूनही अवघड जातं, तिथे भिंतीकडे पाठ करून समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलायचं. रिक्षात वाराही लागतो मशीनला.

सेलचं म्हणाल तर माझ्यात 312 नंबरचा बसतो, ब्राऊन स्टिकरवाला. स्टिकर काढला की सेलमध्ये हवा जाते आणि तो चालू होतो, म्हणून काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवायचा, आणि परत स्टिकर चिकटवून सेल वाचत नाही. साधारण आठवडा जातो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, सेल बाहेर काढून.

घेताना एवढं बघा: आधी कान साफ करून ऑडिओग्राम (कुठला आवाज किती ऐकू येतो त्याची तपासणी), मग ट्रायल, आणि ट्रायल घरी न्यायला देत असतील तरच. दुकानात शांत खोलीत सगळंच छान ऐकू येतं. पैशाची अडचण असेल तर राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, 65 च्या पुढे आणि घरचं उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर एकदाच ₹3,000 खात्यात, त्यात जोडी येणार नाही पण हातभार लागतो. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही कानाची तपासणी होते. जाताना घरातलं कोणीतरी सोबत न्या, ज्याचं बोलणं तुम्हाला रोज ऐकायचंय त्याचाच आवाज ट्रायलला वापरा.