पीएचडीच्या मुलाखतीची ‘आतली’ प्रश्नपेढी विकणाऱ्यांपासून सावध राहा

एमएस्सी फिजिक्स करून पीएचडीच्या मुलाखतींची तयारी करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. माझे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत.

जेस्टचा, म्हणजे फिजिक्सच्या पीएचडी प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला आणि टेलिग्रामवर एका ‘सरां’चा मेसेज आला. परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) केलंय, पॅनेलवरची माणसं ओळखीची आहेत, मॉक इंटरव्ह्यू घेतो आणि ‘पॅनेलमधूनच आलेली’ प्रश्नपेढी देतो, असं सांगितलं. फी १५,००० रुपये, वैयक्तिक यूपीआयवर. आईने भिशीचे पैसे दिले.

आलेल्या पीडीएफमधले बहुतेक प्रश्न टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि जेस्टच्या जुन्या पेपरांतले होते. ते पेपर संकेतस्थळांवर फुकट मिळतात. वर उत्तरंही चुकीची! हार्मोनिक ऑसिलेटरच्या (स्प्रिंगला बांधल्यासारखा मागेपुढे हलणारा कण) बरोबर मध्यावर अभेद्य भिंत उभी केली, तर किमान ऊर्जा किती? पेढीत उत्तर होतं १/२ एच-बार ओमेगा. पण भिंतीपाशी वेव्हफंक्शन (कण कुठे सापडू शकतो ते सांगणारं गणिती सूत्र) शून्य व्हायलाच हवं, म्हणजे फक्त विषम अवस्था उरतात आणि किमान ऊर्जा ३/२ एच-बार ओमेगा येते. मॉकमध्ये मी हे विचारलं, तर सर म्हणाले, “एवढ्या खोलात कुणी जात नाही, उत्तर पाठ कर.”

पुढे एका संस्थेतून मुलाखतीचं बोलावणं आलं, तशी ‘शिफारशी’साठी आणखी ४०,००० ची मागणी झाली. मी नाही म्हटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला ब्लॉक केलं, उरलेले मॉकही बुडाले.

खऱ्या मुलाखतीत पॅनेल नेमकं खोलातच गेलं. आवडता विषय विचारला, मी क्वांटम मेकॅनिक्स म्हटलं आणि हातात खडू दिला. डबल वेलमधला, म्हणजे ऊर्जेच्या शेजारशेजारच्या दोन खड्ड्यांमधला, अडथळा उंच करत नेला तर खालच्या दोन ऊर्जा-पातळ्यांचं काय होतं? त्या एकमेकींजवळ येतात, एवढं आठवत होतं. का येतात, ते वेव्हफंक्शन काढून दाखवताना मी अडले. त्यांनी दोनदा सूचक प्रश्न विचारून पुढे नेलं. पाठ केलेलं तिथे टिकतच नाही. मला उपयोग झाला तो विभागातल्या सीनियर ताईंचा. त्या संध्याकाळी फळ्यासमोर उभं करून ‘का?’ विचारत राहायच्या, एक पैसा न घेता.

आणि जागेसाठी पैसे कसले? संशोधक विद्यार्थ्याला उलट फेलोशिप मिळते. २०२३ पासून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) महिन्याला ३७,००० रुपये आहे.

तुमचे पैसे गेले असतील तर चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा त्या व्यवहारापुरता संदर्भ क्रमांक) जपून ठेवा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर होतो, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते आणि गोठवणं अवघड होतं. माझी तक्रार नोंदवली गेली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत.