राजहंसगडाच्या चढावर मोबाईल की सायकल कॉम्प्युटर?

बेळगावजवळचं येळ्ळूर सोडून राजहंसगडाचा चढ लागला की सायकलच्या हँडलवरच्या यंत्राची खरी परीक्षा होते. मोबाईलचा नकाशा मोठा, वाट चुकल्यावर तोच हवा. पण जुलैतल्या बेळगावच्या पावसात मोबाईल ओल्या बोटांना दाद देत नाही. थेंब पडले की स्क्रीन आपोआप सरकते. सतत चालू स्क्रीन बॅटरी खाते, हादऱ्यांनी कॅमेराही बिघडू शकतो. बटणांचा सायकल कॉम्प्युटर, म्हणजे वेग-अंतर दाखवणारं हँडलवरचं छोटं यंत्र, हातमोज्यांतही चालतो, उन्हात स्पष्ट दिसतो, बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) असेल तर चढ अधिक नेमका मोजतो. किंमत मात्र खिशाला जड! शहरातल्या व्हॅक्सिन डेपोपर्यंत फेरी मारणाऱ्यांनी मोबाईल खिशात ठेवून ॲपवर नोंद करावी, तेवढं पुरे. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाचा बेत असेल, तर कॉम्प्युटर घ्याच आणि मोबाईलची बॅटरी फोन करण्यासाठी राखा.