अबार्थ पुंटो, चौदा महिने: नागपूरच्या उन्हातही थर्मोस्टॅट काढू नका

मे महिना, दुपारचे अडीच, व्हरायटी चौकाचा सिग्नल. बाहेर ४५ अंश. शेजारी आई बसलेली, एसी पूर्ण सुरू. डॅशबोर्डवर लावलेल्या फोनमध्ये कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान ९८, १०१, १०४ असं चढत होतं. १०८ ला मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण गरमवर टाकला. हीटरची जाळी हा एक छोटा रेडिएटरच असतो, त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर निघते. आईने ओला रुमाल तोंडावर धरला, पण एक शब्द बोलली नाही. सिग्नल सुटल्यावर झाशी राणी चौकापर्यंत जाईतो आकडा १०० वर आला. सावलीत गाडी लावली आणि आईला ऑटोत बसवून घरी पाठवलं.

त्या संध्याकाळी हा अनुभव लिहायला बसलो असतो, तर ‘ही गाडी नागपुरात घेऊ नका’ असंच लिहिलं असतं. आता डिसेंबर आहे, गाडी अजून दारात आहे आणि माझं मत दोनदा बदललं आहे.

अबार्थ पुंटो म्हणजे फियाटच्या पुंटोची वेगवान आवृत्ती. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटनमीटर, ऑक्टोबर २०१५ मध्ये ९.९५ लाखांना आली होती, हे सगळं तुम्हाला पाठ असेल, म्हणून त्यात शिरत नाही. मी गेल्या वर्षी दसऱ्याला ६१ हजार किलोमीटर चाललेली घेतली, पाच लाख चाळीस हजारांना. फियाटने भारतात गाड्या विकणं बंद केलंय, हे माहीत असूनच घेतली. फियाटच्याच लिनिया टी-जेटमध्ये याच घराण्याचं इंजिन आहे आणि त्याचे बरेच भाग चालतात, हा हिशेब आधी केला होता. घरी आणल्यावर आईने दारावरचा विंचू पाहून कपाळाला आठ्या घातल्या. अबार्थ कंपनीचा संस्थापक कार्लो अबार्थचा जन्म १५ नोव्हेंबरचा, पाश्चात्त्य गणनेने वृश्चिक रास, म्हणून त्याने ती खूण घेतली, हे सांगितल्यावर तिने त्या विंचवालाही हळदकुंकू लावलं.

खरी कथा सुरू झाली ती थंडीत. सकाळी सहाला बेसाहून निघून बुटीबोरीला ड्यूटीवर जातो. वर्धा रोडवर पंधरा-वीस किलोमीटर सलग ऐंशीने चालवूनही कूलंट ६२-६४ च्या वर जाईना. हीटर लावला तर कोमट वारा. शहरात लिटरला आठ किलोमीटर. नऊशे रुपयांचा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातले आकडे आणि दोष फोनवर दाखवणारा) लावून पाहिलं तर कोड निघाला पी०१२८. म्हणजे इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही. कोड पुसला की चार दिवसांनी परत.

आधीच्या मालकाकडून त्याच्या मेकॅनिकचा नंबर घेतला आणि फोन केला. त्याने काहीच लपवलं नाही. म्हणाला, “भाऊ, वॉल मीच काढला हाये त्याचा. मागच्या उन्हाळ्यात गाडी लय तापे. नागपूरच्या उन्हात थर्मोस्टॅटचं काय काम? काढून टाकला, तवापासून थंडी राह्यते गाडी.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. बाबांच्या गाडीचाही थर्मोस्टॅट असाच काढला होता, काकांच्या जीपचाही. विदर्भात ही समजूत इतकी पक्की आहे की नवीन थर्मोस्टॅट बसवून मागितला तर समोरचा आपल्याकडे संशयाने पाहतो. म्हणून यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. गाडीबद्दल वाचायला आलेल्यांनी दोन परिच्छेद धीर धरावा.

थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक छोटी कुपी असते. इंजिन थंड असताना झडप बंद राहते, पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८८ अंशांच्या आसपास मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. एवढंच काम. झडप पूर्ण उघडली की ती असली काय नि नसली काय, रेडिएटर जेवढी उष्णता बाहेर टाकू शकतो तेवढीच टाकणार. म्हणजे गाडी १०५ वर गेली असेल तेव्हा चांगला थर्मोस्टॅट केव्हाच उघडलेला असतो. तो काढून त्या क्षणी जवळजवळ काहीच हाती लागत नाही. उलट काही इंजिनांत हीच झडप उघडताना रेडिएटरला वळसा घालणारी वाट बंद करते. तिथे थर्मोस्टॅट काढला तर थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच फिरत राहतं आणि गाडी ट्रॅफिकमध्ये जास्तच तापते.

आणि नुकसान रोजचं. इंजिन थंड आहे असं समजून संगणक पेट्रोल जास्त सोडतो. ते जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. पाण्याची वाफ इंजिनातून उडून जात नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय जमते. माझ्या गाडीचं झाकण उघडलं तेव्हा ती साय होती आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. टर्बोचं (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) बेअरिंग याच ऑइलवर जगतं! आधीच्या मालकाने गाडी विकेपर्यंत अशीच चालवली. लिटरला तीन किलोमीटरचा फरक धरला तरी त्याने किती पेट्रोल वाया घालवलं, याचा हिशेब मी वहीत केला आणि त्या रात्री नीट झोप लागली नाही.

या इंजिनात नुसता थर्मोस्टॅट मिळत नाही, हाऊसिंगसकट (बाहेरच्या डब्यासकट) घ्यावा लागतो. तो इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, गिअरबॉक्सच्या बाजूने बसतो, हवेच्या पाइपांखाली दडलेला. पुण्याहून मागवला, कुरिअरसकट ४,८५० रुपये. जुना काढला तर आतली झडप पकडीने मोडून काढलेली, कडा अजून धारदार. पाणी साधं बोअरचं, विटकरी रंगाचं. भाच्याने टॉर्च धरला आणि मी रविवारची अख्खी दुपार घालवून शुद्ध पाण्याने चार वेळा सिस्टिम धुतली. चौथ्या वेळी पाणी स्वच्छ आलं. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरलं. हवा काढण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण त्यात घाई केली की हेडमध्ये बुडबुडा अडकतो आणि सेन्सर खोटे आकडे देतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, ब्लीड स्क्रूमधून सलग धार येईपर्यंत मी तासभर तिथेच उभा होतो. ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्धा रोडला लागायच्या आत कूलंट ८९ वर. तिथून बुटीबोरीपर्यंत ८८ ते ९१. गाडी वेगळीच वाटत होती. दोन हजार आरपीएमला टर्बो जोर धरतो तो आता एकसारखा येत होता, मधले गचके गेले. महिन्याभरात शहरात सव्वाअकरा आणि हायवेवर साडेचौदा मिळू लागले. तेव्हा माझं मत पक्कं झालं: गाडी सोनं, मेकॅनिक अडाणी.

आणि मग मे महिन्यातला तो सिग्नल.

मी दोन दिवस फार अस्वस्थ होतो. मेकॅनिकचंच खरं होतं का, हा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी टो करून एका मोठ्या वर्कशॉपला नेली. नाव लिहीत नाही. अर्ध्या तासात कागद हातात आला: हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनामधलं सील), हेडचं फेसिंग, नवा रेडिएटर, मजुरी, मिळून ६८ हजार. मी विचारलं, गॅस्केट गेलंय हे कशावरून? ऑइलमध्ये पाणी आहे का? कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात का? पाण्यात धुराचा अंश आहे का, ती तपासणी केली का? उत्तर आलं, “साहेब, आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे.” मी म्हटलं, अनुभवाचा मान आहे, पण मला तपासणीचा आकडा दाखवा. आवाज दोन्हीकडून चढले. शेवटी पाचशे रुपये तपासणीचे दिले आणि गाडी परत आणली. त्या पाचशेची पावतीही मिळाली नाही, याचा राग मला अजून आहे. अडुसष्ट हजार म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार. एवढे पैसे मागताना माणसाने निदान झाकण उघडून पाहावं.

घरी वही घेऊन बसलो. गाडी कधी तापते? फक्त उभी असताना, एसी सुरू असताना. वर्धा रोडवर नव्वदला, त्याच उन्हात, ९४ च्या वर जात नव्हती. जुने लोक सांगतात ते सूत्र इथे लागू पडतं: उभ्याने तापली तर हवेत खोट, पळताना तापली तर पाण्यात खोट. गॅस्केट गेलं असतं तर चढावर, जोर लावताना आधी बोंब झाली असती. म्हणजे शोध हवेचा घ्यायचा. फॅन तपासला. दोन्ही वेगांवर फिरत होता, ९७ ला बरोबर सुरू होत होता. समोरून जाळीत टॉर्च मारला, एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी) बऱ्यापैकी स्वच्छ दिसला.

मग बंपर काढला. दीड तास लागला, दोन क्लिपा तुटल्या. कंडेन्सर सोडवून चार बोटं पुढे ओढला आणि मागे जे दिसलं त्याचा फोटो मी जपून ठेवलाय. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत गादीच भरली होती! काटेसावरीचा कापूस, धूळ, मेलेले किडे, वाळलेला पाला, सगळं दाबून नमद्यासारखं झालेलं. हाताने उचललं तर ताटाएवढा तुकडा सलग निघाला. रेडिएटरचा खालचा निम्म्याहून जास्त भाग पूर्ण बंद होता.

नागपुरात रेडिएटरचं काम मुळातच अवघड असतं. त्यातून बाहेर जाणारी उष्णता पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. बाहेर ३० अंश असताना ९० अंशांच्या पाण्याला ६० चा फरक मिळतो. बाहेर ४५ असेल तर ४५ च. म्हणजे चौथा हिस्सा ताकद उन्हानेच खाल्ली. वर एसीचा कंडेन्सर आपली उष्णता त्याच हवेत आधी सोडतो. उरलेल्या ताकदीवर ही गादी बसली होती. गाडी तापणारच होती.

इथे माझं मत दुसऱ्यांदा बदललं. त्या मेकॅनिकला गाडी तापताना दिसली होती, ते खोटं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यातही हीच गादी असणार, थोडी पातळ. त्याने कारण शोधलं नाही, पण मालकानेही त्याला बंपर काढायची मजुरी दिली नसणार. शिक्षा मात्र थर्मोस्टॅटला झाली. मी फोटो पाठवला तेव्हा त्याचा फोन आला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “भाऊ, हे तं मी कधी खोलूनच नाही पाह्यलं.” मला तो माणूस आवडला.

सफाई इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने केली, बागेच्या नळीने, साध्या धारेने. प्रेशर वॉशर लावू नका, पत्र्याच्या पाती आडव्या होतात. वाकलेल्या पाती प्लॅस्टिकच्या बारीक फणीने सरळ केल्या, त्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. कूलंट, क्लिपा, डिस्टिल्ड वॉटर मिळून खर्च १,४२० रुपये. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, आईला घेऊन मुद्दाम त्याच सिग्नलला तशाच दुपारी गेलो. ४४ अंश, एसी सुरू. ९७ ला फॅन जोरात फिरू लागला, ९२ ला मंदावला. तीन सिग्नल तिथेच गोल फिरून पाहिलं. आई म्हणाली, आता पुरे, घरी चल.

बाकी बदलांबद्दल थोडक्यात. टायर २०५/५५ आर१६ घातले, मूळ १९५ होते. पकड वाढली, स्टिअरिंग किंचित जड झालं, पुन्हा करेन. पुढचे ब्रेक पॅड चांगले घेतले आणि ब्रेक ऑइल डॉट ४ ताजं भरलं. समृद्धीवर १२० वरून थांबवताना फरक कळतो. टर्बोच्या बाजूला ॲल्युमिनियमची ढाल हिंगण्याच्या एका वर्कशॉपमधून कापून घेतली, सातशे रुपये. बॅटरी आणि हवेचा पाइप हाताला कमी गरम लागतात. ताकद वाढली वगैरे म्हणणार नाही. सायलेन्सरला हात लावला नाही आणि लावणारही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचल्यावर मूळ रचना बदलायची माझी तयारी नाही, आणि आमच्या गल्लीत दोन म्हातारी माणसं आजारी आहेत. रिमॅपसाठी, म्हणजे संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवण्यासाठी, पस्तीस हजार बाजूला ठेवले होते. इंजिन पहिल्यांदा नीट तापमानावर चालताना पाहिलं आणि जाणवलं की विकत घेतलेली ताकद आत्ता कुठे मिळतेय. ते पैसे टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा) आणि वॉटर पंपासाठी ठेवलेत. गाडीचं वय पाहता तो बेल्ट किलोमीटर मोजत बसण्यासारखा नाही.

वापरलेली घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी सकाळी जा, गाडी थंड असताना. ओबीडी लावून वीस मिनिटं चालवा आणि कूलंट ८५ च्या पुढे जातं का पाहा. ७० वर अडकलं तर कुणीतरी झडप मोडलेली आहे, आणि ती का मोडली याचं उत्तर बहुतेक बंपरमागे असेल. भाव त्या हिशेबाने करा.

फेब्रुवारीअखेर बेल्टचं काम काढतोय. एप्रिलमध्ये काटेसावरीची बोंडं फुटायच्या आधी फटीच्या वरच्या तोंडाला बारीक जाळी लावणार आहे, आणि जूनमध्ये बंपर पुन्हा काढून किती जमलं ते तोलून पाहणार आहे. या खेपेला क्लिपा आधीच आणून ठेवल्यात.